वादाच्या विषयावर गावात बैठक कशी घ्यावी? सीमाभागातल्या कार्यकर्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी. बेळगाव परिसरातल्या यातल्या कुठल्याही गावात मराठी साहित्य संमेलन असलं की सकाळच्या ग्रंथदिंडीपासून शेवटच्या सत्रापर्यंत माणसं मांडवात बसून राहतात. वक्त्याचं पटलं नाही तरी कुणी उठून त्याच्या हातातला माईक ओढत नाही. त्याच गावची ग्रामसभा मात्र दहा मिनिटांत फिसकटते. एकजण ‘गद्दार’ म्हणतो, दुसरा ‘तुमचं राजकारण माहीत आहे आम्हाला’ म्हणत उठतो, मागच्या बाकावरची पोरं मोबाईल वर काढतात आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) रजिस्टरवर सह्या गोळा करून गाडीला किक मारतो.

माणसं तीच असतात. फरक एवढाच की संमेलनात अध्यक्ष कोण, कोण कुणानंतर बोलणार, किती वाजता उठायचं हे पत्रिकेत आधीच छापलेलं असतं. ग्रामसभेत यातलं काहीच ठरलेलं नसतं, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याची सभा होते. ‘आमच्याकडची माणसंच तापट’ असं म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. सभ्य बोलणं माणसाच्या स्वभावावर सोडलं की ते टिकत नाही, ते व्यवस्थेत बसवावं लागतं. ही व्यवस्था कशी बसवायची ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. गल्लीतली पंच कमिटी, युवक मंडळ, महिला मंडळ, शाळेची एसडीएमसी (शाळा विकास समिती), ग्रामसभा, कुठेही ती लागू पडते.

आधी फूट नेमकी कुठे आहे ते बघा

बाहेरचा पत्रकार आला की त्याला मराठी विरुद्ध कन्नड एवढंच दिसतं. इथे राहणाऱ्याला माहीत असतं की एका घरात चार रेघा ओढलेल्या आहेत. वडील महाराष्ट्र एकीकरण समितीचे (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचे) निष्ठावंत, थोरला राष्ट्रीय पक्षात, धाकटा समितीच्याच दुसऱ्या गटात आणि सुनेचं माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड बोलणारं. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या दोन गटांचे उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले आणि समितीचा एकही आमदार झाला नाही. २०२१ च्या बेळगाव महापालिका निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या, त्यात मराठी भाषिक नगरसेवकही निवडून आले. त्या निकालानंतर चुलतभावांनी एकमेकांच्या दारात जाणं सोडलं, असं सांगणारी घरं आजही सापडतात. आपसातली ही कटुता भाषेच्या वादापेक्षा जास्त चिवट असते, कारण इथे समोरच्याची चूक ‘परक्याची चूक’ म्हणून सोडून देता येत नाही.

म्हणून बैठकीआधी कागदावर दोन ओळी लिहा: या विषयावर गावात कोण कोण कुठे उभं आहे, आणि त्यातले कोण कुणाशी बोलत नाहीत. हा कागद स्वतःपुरताच ठेवा.

पायरी पहिली: कुठला प्रश्न या खोलीत सुटणार आहे?

निम्म्या बैठका इथेच बुडतात, म्हणून या पायरीवर जरा जास्त थांबू.

सीमाभागातल्या कुठल्याही वादाचे तीन कप्पे पडतात. पहिल्यात आहे सीमाप्रश्न, म्हणजे हा मराठी भाग कर्नाटकात राहावा की महाराष्ट्रात जावा. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये केंद्राने न्या. मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. त्याच्या १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला द्यावीत, बेळगाव आहे तिथेच ठेवावं अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक मात्र आजही त्याच्यावर बोट ठेवतं. २००४ मध्ये महाराष्ट्राने घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि ८६५ गावांचा प्रश्न तिथे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तणाव वाढला तेव्हा केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं. निकाल लागेपर्यंत कुणी एकमेकांच्या भागावर दावा सांगायचा नाही, आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी मिळून बोलत राहायचं, असं तिथे ठरलं. या कप्प्यातला प्रश्न तुमच्या समाजभवनात सुटणार नाही. त्याबद्दल मत ठेवायचा, ते जाहीर सांगायचा, सनदशीर आंदोलन करायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण गटाराच्या बैठकीत तो काढला की गटार तिथेच राहतं.

दुसऱ्या कप्प्यात भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क येतात. घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. ३५०-अ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असं आहे. ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा अधिकारी नेमायची तरतूद आहे. तालुक्यात एखाद्या अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राचं जुनं धोरण आहे. दुसरीकडे २०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या फलकावर ६० टक्के जागा कन्नडला द्यायचा कायदा झाला आहे. या गोष्टी अर्ज, पाठपुरावा आणि वकील यांच्या आहेत. इथे भांडण कमी आणि कागद जास्त लागतात.

तिसऱ्या कप्प्यात रोजचं जगणं येतं. पाणी, रस्ता, शाळेची गळकी खोली, स्मशानाची वाट, सुटलेली बस. बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात कुजतो, आणि तो कुजताना मालकाची भाषा विचारत नाही. हलगा-मच्छे बायपासमध्ये ज्यांची सुपीक जमीन जाणार होती ते शेतकरी वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे होते, तरी लढ्यात आणि कोर्टात बरोबर गेले.

बैठकीचा विषय यातल्या एकाच कप्प्यातला ठेवा. सगळ्यात जास्त गोंधळ पहिल्या दोघांचा होतो. ‘मराठीत सूचना द्या’ म्हटलं की एकाला वाटतं कर्नाटक मान्य केलं, आणि दुसऱ्याला वाटतं राज्याविरुद्ध बंड पुकारलं. दोघांनाही शांतपणे सांगा की हा अर्ज घटनेच्या कलमाखाली आहे आणि न्यायालयातल्या दाव्याची त्याने एक ओळही बदलत नाही. हे वाक्य बैठकीच्या पत्रकातच छापलं तर निम्मी डोकेदुखी वाचते.

विषय प्रश्नाच्या रूपात लिहा, आणि उत्तर ‘हो-नाही’ पेक्षा मोठं येईल असा लिहा. ‘पंचायतीचा मराठीद्वेष’ हा आरोप झाला. ‘पाणीपट्टीच्या नोटिसा सगळ्यांना वाचता येतील अशा कशा मिळवायच्या?’ हा विषय झाला. पहिल्यावर टाळ्या पडतात आणि दुसऱ्यावर माणसं कामाला लागतात.

पायरी दुसरी: बोलावणारे दोघे हवेत

निमंत्रणाखाली एकाच गटाचं नाव दिसलं की दुसरा गट येत नाही, आला तरी हिशेब चुकता करायला येतो. म्हणून पत्रकाखाली निदान दोन नावं असावीत, आणि ती एकमेकांच्या विरोधातली म्हणून गावाला माहीत असावीत. हे जमवणं बैठकीपेक्षा अवघड आहे. दोघांना एकत्र बोलवायला जाऊ नका. वेगवेगळे भेटा, चहा घ्या आणि प्रत्येकाला एकच विचारा: “या एका विषयापुरतं त्यांच्याशेजारी नाव लावाल काय?” बहुतेकदा पहिलं उत्तर येतं, “आधी त्याला विचार, तो लावतोय काय.” तेव्हा दोन-तीन हेलपाटे धरूनच चला. निरोप्याच्या हाती निरोप देऊ नका, वाटेत त्याला मसाला लागतो.

पुढाऱ्यांपेक्षा निवृत्त शिक्षक, दूध डेअरीचा सेक्रेटरी, भजनी मंडळाचा म्होरक्या, आशा कार्यकर्ती अशी नावं चालतात. त्यांच्याकडे सगळ्यांचं येणंजाणं असतं. गावात कन्नड, उर्दू किंवा कोकणी बोलणारी घरं असतील तर त्यांच्यापैकी एकजण आयोजनातच हवा. समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस पाहुण्यासारखंच बोलतो.

पत्रक असं असू शकतं:

‘येत्या रविवारी सकाळी १० ते ११.३० समाजभवनात बैठक. विषय: पाणीपट्टीच्या नोटिसा आणि नळाची वेळ. सीमाप्रश्न, निवडणूक आणि व्यक्तींविषयी या बैठकीत चर्चा नाही. मराठी, कन्नड, दोन्हीत बोलता येईल. प्रत्येकाला तीन मिनिटं. चित्रीकरण नाही.’

कुठलंही घोषवाक्य नको, कुणाचा फोटोही नको. फोटो आला की कुणाचा घ्यायचा यावर स्वतंत्र बैठक लागते.

पायरी तिसरी: जागा, वेळ, परवानगी

पक्षाचं ऑफिस नको, पुढाऱ्याचं अंगण नको. देवळाचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण तिथे सगळ्या समाजांचे लोक सहज येतात का हे आधी पाहा. मराठी शाळेची खोली उत्तम. रोहिणी-मृगात आणि सुगीत बैठक ठेवू नका, रात्री आठनंतर तर नाहीच. उशिराच्या बैठकीला काहीजण ‘बसून’ येतात आणि मग अध्यक्षाचं काही चालत नाही.

बंद खोलीतली बैठक आणि रस्त्यावरची सभा यांत फरक आहे. रस्ता किंवा लाऊडस्पीकर असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. जमावबंदीचा आदेश (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, पूर्वीचं १४४) लागू आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या. आचारसंहितेच्या काळात शक्यतो पुढे ढकला.

ग्रामसभेचं वेगळं. कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यानुसार ती सहा महिन्यांतून निदान एकदा व्हायलाच हवी, आणि त्याआधी वॉर्डसभा. वाद तापणार असेल तर तो थेट ग्रामसभेत न नेता आधी वॉर्डसभेत मांडा. तिथे चाळीस-पन्नास माणसं असतात, सगळी शेजारची. उद्या सकाळी पाण्याच्या टाकीजवळ भेटायचंच आहे म्हटल्यावर माणूस शब्द जपून वापरतो.

पायरी चौथी: अध्यक्ष आणि नियम

अध्यक्ष मोठा माणूस नसला तरी चालेल. तो मध्येच थांबवू शकणारा हवा. गावातल्या मुख्याध्यापिका हे काम फार चांगलं करतात, कारण समोर बसलेल्यांपैकी अर्ध्यांना त्यांनी बाकावर उभं केलेलं असतं. अध्यक्षाने विषयावर स्वतःचं मत मांडायचं नाही, अगदी शेवटीही नाही. आमच्याकडे ‘अध्यक्षीय समारोप’ ही एक जुनी खोड आहे. तासभर सगळ्यांनी संयमाने बोलावं आणि शेवटी अध्यक्षांनी वीस मिनिटं कुणाचीतरी बाजू घ्यावी. याला सरळ फाटा द्या.

नियम थोडे आणि मोठ्या अक्षरात फळ्यावर:

एक, सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलणार नाही.
दोन, तीन मिनिटं. मोबाईलचा गजर वाजला की वाक्य पुरं करायचं आणि बसायचं. आमदार आले तरी हाच नियम.
तीन, कामाबद्दल बोला, माणसाच्या पक्षाबद्दल, जातीबद्दल, आडनावाबद्दल नको. ‘तुम्ही लोक’ हे शब्द बंद.
चार, चित्रीकरण नाही.

चौथ्या नियमावर हटून बसा. दीड तासाच्या बैठकीत एखादा माणूस रागात एक वाक्य बोलतो, पुढच्याच मिनिटाला ‘जाऊ दे’ म्हणतो. पण मोबाईलवर तेवढे वीस सेकंद जातात, संध्याकाळपर्यंत ते कोल्हापूर, बंगळूर, मुंबई फिरून येतात आणि तो माणूस त्या वाक्याला जन्मभर बांधला जातो. त्याहून वाईट म्हणजे कॅमेरा समोर दिसला की बोलणारा खोलीतल्या माणसांशी न बोलता कॅमेऱ्याशी बोलायला लागतो. माहिती हक्क कार्यकर्ते म्हणतील, ग्रामसभा उघडी असते, चित्रीकरण का नको? ग्रामसभेपुरतं त्यांचं म्हणणं रास्त आहे. तिथे पंचायतीने स्वतः सलग चित्रीकरण करून घ्यावं आणि पूर्ण ठेवावं. गल्लीच्या बैठकीत मात्र मोबाईल खिशात.

बसण्याची रचनाही पाहा. खुर्च्या गोल मांडता आल्या तर मांडा. नाहीच जमलं तर पुढच्या रांगेत पुढारी आणि दाराशी बायका हे तरी मोडा. पहिली तीन-चार नावं बायकांची पुकारा. पाण्याची वेळ, शाळा, रेशन यांत पक्ष कमी आणि अनुभव जास्त असतो, त्यामुळे बैठकीचा सूर तिथेच लागतो. कन्नड माहेरच्या सुनांना दोन्ही भाषा येतात आणि दोन्हीकडची दुखणी माहीत असतात, पण त्यांना बोला म्हणणारं कुणी नसतं.

पायरी पाचवी: भाषा

मराठी वस्तीत बैठक मराठीत होणार हे उघड आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कुणी कन्नडमध्ये बोलायला उठला तर ‘मराठीत बोल’ अशी आरोळी येता कामा नये. आपल्याला सरकारी कचेरीत नेमकं तेच ऐकावं लागतं आणि तेव्हा काय वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही भाषा येणारा एकजण आधीच ठरवून शेजारी बसवा. प्रत्येक बोलणं संपलं की त्याने दोन वाक्यांत गाभा सांगायचा, स्वतःची फोडणी न देता.

अधिकारी आले तर ते कन्नडमध्ये बोलतील. त्यांना अडवण्यापेक्षा ‘साहेब, मी मराठीत सांगतो, तुम्ही कन्नडमध्ये उत्तर द्या, आम्हाला समजतं’ म्हणा. बहुतेक अधिकारी यावर सैल होतात. ‘नंग कन्नड स्वल्प बरतैति री’ एवढं म्हटल्याने कुणाची मराठी अस्मिता झिजत नाही. उलट आपल्या भाषेची मागणी करताना समोरच्याच्या भाषेला तुच्छ लेखलं की आपलीच मागणी दुबळी होते. गंगाधरराव देशपांडे हुदलीचे. त्यांना ‘कर्नाटक केसरी’ म्हणत आणि ते टिळकांचे जवळचे सहकारीही होते. टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये याच बेळगावात झाली. त्या पिढीला दोन भाषांत वावरताना ओळखपत्र दाखवावं लागलं नाही.

निवेदन मात्र मराठीतच द्या आणि सोबत कन्नड भाषांतर जोडा. मराठी प्रत आपला हक्क टिकवते, कन्नड प्रत टेबलावरून लवकर पुढे सरकते. दोन्हींवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह.

पायरी सहावी: प्रत्यक्ष बोलताना, आणि तापलं तर

सुरुवात माहितीने करा. मतं नंतर येऊ द्या. मागच्या महिन्यात नोटीस कुणाकुणाला आली, नळ किती दिवसांनी आला, हात वर करा. दहा हात एकदम वर गेले की माणसांना आपण एकाच बाजूला आहोत हे सांगावं लागत नाही.

तरीही ठिणगी पडतेच. समजा, धाकट्या गटातला एक पोरगा टाकीच्या ठेक्याबद्दल बोलतोय. मागून आवाज येतो, “तू कुठल्या पार्टीचा ते सांग आधी, मग बोल!” पोरगा वळतो, “काय बोलूलास कळतंय काय तुला?” खोलीतल्या माना एकदम मागे वळतात. इथे अध्यक्षाला दहा सेकंद मिळतात. त्याने कोण चुकलं हे सांगायचं नाही. त्याने बोलणाऱ्याला म्हणावं, “टाकीचं सांगत होतास, कितव्या महिन्यात काम थांबलं?” आणि मागच्याला नावाने म्हणावं, “अण्णा, तुमचं नाव यादीत पाचवं घेतलंय.” विषय पुन्हा टाकीवर येतो आणि अण्णांना बोलायची जागा मिळते. ओरडणाऱ्याला बहुतेकदा तेवढंच हवं असतं. तरी नाहीच थांबलं तर पाच मिनिटं चहा. चहा आधीपासून तयार ठेवा, त्यासाठी धावपळ केली की माघार वाटते. दुसऱ्यांदा तसंच झालं तर तारीख देऊन बैठक उठवा. अर्धवट उठलेली बैठक परत घेता येते, हाणामारीत संपलेली नाही.

बोलणाऱ्यांसाठी एक सवय. विरोध करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचं. “तुमचं म्हणणं असं की राष्ट्रीय पक्षात गेल्याशिवाय निधी येत नाही. बरोबर?” तो ‘हो’ म्हणाला की मग बोला: “मला वाटतं निधी येतो, पण मराठी शाळांचा प्रश्न मागे पडतो. ही मागच्या तीन वर्षांतली कामांची यादी.” समितीवाल्यालाही असंच: “तुमचं म्हणणं की समिती संपली तर सीमाप्रश्न मांडणारं कुणी उरणार नाही.” यात कुणाला मत बदलायला लावलेलं नाही. ‘गद्दार’ आणि ‘कालबाह्य’ हे दोन शब्द मात्र आपोआप गळतात.

सोसलेल्याचा मान राखा. १९५६ च्या जानेवारीत बेळगावात आणि १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात माणसं गेली. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्याची साक्ष आहे. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं किंवा तुरुंगात गेलं, त्यांना तीन मिनिटांचा गजर लावू नका. पण त्यांच्या दुःखाचा आधार घेऊन दुसराच कुणी घसा ताणत असेल तर त्याला जरूर लावा.

पायरी सातवी: लिहून ठेवा

इतिवृत्त एका पानाचं असावं. वरती तारीख, हजेरी, विषय. खाली तीन भाग: ‘ठरलं’, ‘ठरलं नाही’, ‘कोण, काय, कधीपर्यंत’. मधला भाग लोक वगळतात आणि तिथेच पुढच्या भांडणाचं बी पडतं. उदाहरणार्थ: ‘ठरलं: नोटीस मराठीतही मिळावी असा अर्ज. ठरलं नाही: ठेकेदार बदलायचा का, यावर दोन मतं, दोन्ही खाली नोंदवली आहेत. कोण: अर्ज दोघे आयोजक मिळून देणार, पुढच्या शुक्रवारपर्यंत.’

पान तिथेच वाचून दाखवा, आणि विरोधी मत ज्याचं त्याच्याच तोंडून तपासून घ्या. सह्या दोन्ही बाजूंच्या. पेपरला बातमी द्यायची असेल तर याच पानावरून द्या. ‘बैठकीत अमुक गटाला धारेवर धरलं’ असली बातमी एका बाजूने परस्पर दिली की पुढच्या वेळी दुसरी बाजू येत नाही.

पायरी आठवी: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

बैठकीत मिळवलेलं रात्री साडेदहाला ग्रुपवर घालवता येतं. डिसेंबर २०२२ च्या दिल्लीतल्या बैठकीनंतर खुद्द गृहमंत्र्यांनी सांगितलं होतं की मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वातावरण बिघडवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, मग दोन्ही राज्यांत एकमेकांच्या बस अडवल्या गेल्या आणि आंतरराज्य सेवा काही दिवस बंद पडली. अडकले कोण? कोल्हापूरला दवाखान्यात जाणारे, चंदगडहून बेळगावच्या बाजाराला येणारे आणि कॉलेजची पोरं.

ग्रुपसाठी तीन गोष्टी पुरतात. संदेशावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असेल तर तो टाकायचा नाही, टाकला तर अ‍ॅडमिनने काढायचा. अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी मेसेज डिलीट करता येतो. व्हिडिओ टाकणाऱ्याने गाव, तारीख आणि स्वतः पाहिलं की ऐकलं हे लिहायचं. आणि तणावाच्या दिवशी ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ वर ठेवायचा. अ‍ॅडमिनही दोन बाजूंचे दोन असावेत.

एखाद्याने ग्रुपवर वाकडं लिहिलं तर उत्तर ग्रुपवर देऊ नका, फोन करा. ‘काय हे दादा, असं का लिहिलं?’ हे फोनवर विचारता येतं. शंभर जणांसमोर विचारलं की तो मागे येऊ शकत नाही.

तारखा सांभाळा

१ नोव्हेंबरला कन्नड माणसाचा राज्योत्सव असतो आणि समितीचा मराठी माणूस काळा दिन पाळतो. १७ जानेवारी आणि १ जूनला हुतात्म्यांना अभिवादन. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की समितीचा महामेळावा आणि पोलिसांची बंदी हे ठरलेलंच. या दिवसांच्या आगेमागे आठवडाभर गल्लीच्या प्रश्नाची बैठक घेऊ नका. त्या दिवशी कुणी काळी पट्टी बांधली किंवा लाल-पिवळा झेंडा लावला तर तो त्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या दुकानाची काच फोडायचा हक्क मात्र कुणालाच नाही. उत्सवाच्या किंवा फेरीच्या आदल्या दिवशी दोन्हीकडच्या मंडळांच्या दोन-दोन माणसांनी वाट, वेळ आणि एकमेकांचे फोन नंबर ठरवून घेतले तर बऱ्याच गोष्टी पोलिसांपर्यंत जात नाहीत.

संवाद कुठे थांबवायचा

सगळ्याच गोष्टी चर्चेने सोडवायच्या नसतात. धमकी, मारहाण, पुतळ्याची विटंबना, भाषेवरून किंवा धर्मावरून चिथावणी हे गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ अशाच चिथावणीसाठी आहे, आणि त्यात भाषेचा स्पष्ट उल्लेख आहे. असं घडलं तर पुरावा ठेवा, वकिलाला विचारा, तक्रार द्या. ‘दोन्ही बाजूंनी समजून घ्यावं’ हा सल्ला मार खाल्लेल्याला देऊ नका. तसंच संवादाच्या नावाखाली कुणाला त्याची सीमाप्रश्नावरची भूमिका सोडायला सांगायची नाही. तसं सांगणारी बैठक संवादाची नसते.

पुढची बैठक

पहिल्या वेळी वीस खुर्च्या मांडाल आणि आठ माणसं येतील. आठांचीच बैठक घ्या, ठरलेल्या वेळी सुरू करा आणि साडेअकराला उठा. पुढच्या बैठकीत पहिला विषय मागच्या पानाचं वाचन असेल: अर्ज दिला का, पोच कुठे आहे, उत्तर काय आलं. उत्तर आलं नसेल तर तेही तसंच वाचा आणि स्मरणपत्राचं काम दुसऱ्या दोघांना द्या. अर्ज अजून दिलाच नसेल तर ज्याने द्यायचा होता त्याला कारण विचारा, त्याच्या पक्षाचं नाव न घेता.